आपला आज्जा कुणाच्या राज्यात होता?

(वनहक्क समित्यांच्या कोल्हापूर येथील शिबिरात आपल्या एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. बरेचसे बोलले तसेच ठेवले आहे.)

साथींनो आणि आयाबायांनो,

मला विषय दिलाय तो जुना कागद कसा शोधायचा आणि सापडला तर त्याची नोंद कशी लावायची. मी वकील न्हवे. सातवी झाली आणि म्हशींमागं गेलो. पण वनहक्काच्या दाव्यापायी गेली पाच वर्षं तलाठी, मामलेदार, भूमी अभिलेख, पुराभिलेख अशा सगळ्या कचेऱ्यांत खेटे घातलेत. चुका पुष्कळ केल्या. त्याच चुका तुम्ही परत करू नयेत, एवढ्यासाठी बोलतो.

सकाळी चहाच्या वेळेला एक मावशी म्हणाल्या, "बाबा, आमच्याकडं कागदाचा चिठोरा न्हाई. आमचा दावा कसा टिकायचा?" मावशी, कागद तुमच्या घरात नसणारच. आपलं घर गवताचं, पाऊस चार महिने, त्यातनं वाचलं तर वाळवी. कागद असतो तो ज्यानं आपल्याकडनं वसूल केलं त्याच्या दप्तरात. ज्यानं चराईचे पैसे घेतले, खंड घेतला, दंड घेतला, त्यानं ते लिहून ठेवलंय. आपल्या भल्यासाठी न्हवे, स्वतःच्या हिशेबासाठी. पण लिहिलंय. म्हणून कचेरीत जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकच विचारायचं: आज्ज्याकडनं वसूल कोण करत होतं?

आता कायदा किती मागतो ते बघू. २००६ चा वनहक्क कायदा. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी जमीन कसत होता, तिथं राहत होता, एवढं दाखवायचं. ठाणे, नंदुरबार, गडचिरोलीच्या साथींचं तेवढ्यावर भागतं. आपल्या डोंगरावर गोष्ट वेगळी. शाहूवाडीपासून चंदगडापर्यंत जंगलात राहणारे आपण बरेचसे धनगर, गवळी, कुणबी, बौद्ध. अनुसूचित जमातीच्या यादीत आपण न्हाई. म्हणून आपल्याला कायदा म्हणतो 'इतर पारंपरिक वननिवासी', आणि मागतो तीन पिढ्या. एक पिढी २५ वर्षांची, म्हंजे ७५ वर्षं. २००५ मधनं ७५ वजा केले की १९३० येतं.

इथं एक घोटाळा कायम होतो. साहेब म्हणतात, "ह्याच प्लॉटवर पंचाहत्तर वर्षं कसताय त्याचा पुरावा आणा." कायद्यात तसं न्हाई. तीन पिढ्या दाखवायच्या त्या जंगलात राहण्याच्या आणि जंगलावर पोट असण्याच्या. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की झालं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे पुरावे वेगळे. हे ज्याला नीट सांगता येत न्हाई, त्याचा दावा पहिल्याच टेबलावर मार खातो. माझाबी खाल्लाय.

तर १९३०. त्या साली इथं इंग्रजाचं थेट राज्य नव्हतं. गादीवर राजाराम महाराज होते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हंजे आपला पुरावा ज्या काळातला पाहिजे तो काळ संस्थानचा. त्यातबी सगळा डोंगर सरळ महाराजांच्या हाताखाली नव्हता. गगनबावड्याकडं बावडेकर पंत अमात्यांची जहागीर. मलकापूर आणि विशाळगडाकडं प्रतिनिधींची. आजरा इचलकरंजीकरांकडं. कापशी सेनापतींची. ह्या जहागिरी १९५३ च्या कायद्यानं गेल्या. तोवर वसुली जहागीरदाराच्या कारकुनानं केलेली, आणि चोपडी त्याच्या कचेरीत लिहिलेली. चंदगडची तऱ्हा तर एकदम निराळी. ते संस्थानात नव्हतंच. ते बेळगाव जिल्ह्यात, इंग्रजाच्या मुलखात होतं, आणि १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा कोल्हापूरला आलं. म्हणून चंदगडच्या साथींनी कोल्हापूरच्या दरबारी दप्तरात आज्ज्याला शोधलं तर तो सापडायचा न्हाई. त्याचा जिल्ह्याचा ठाव बेळगाव.

हे मी इतिहास सांगायची हौस म्हणून सांगत न्हाई. आजऱ्याच्या एका वाडीची माणसं वर्षभर कोल्हापूरला महाराजांच्या दप्तरात नाव शोधत होती, आणि वसूल जात होता इचलकरंजीकरांकडं.

आणि हा पुरावा चालतो. वनहक्क नियमातला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की पूर्वीच्या संस्थानांचे, मधल्या जहागीरदारांचे कागद, त्यांचे नकाशे, हक्कनोंदी, दिलेल्या सवलती हे सगळं पुरावा म्हणून धरायचं. हा परिच्छेद झेरॉक्स करून खिशात ठेवा. साहेब लोकांनी नियम वाचलेला असतोच असं न्हाई.

आता जायचं कुठं. पहिल्यांदा तलाठ्याकडं, कारण तो जवळ आहे. त्याच्याकडं सातबारा आणि आठ-अ मागू नका, ते तर कुणीबी मागतं. गाव नमुना एक-अ मागा, ही वनजमिनीची नोंदवही. एक-ई मागा, ही अतिक्रमणाची नोंदवही. 'अतिक्रमण' शब्द ऐकला की आपली माणसं बिचकतात. बिचकू नका. त्या वहीत तुमच्या बापाचं नाव १९७० च्या साली लागलेलं असेल तर तो २००५ च्या आधीच्या ताब्याचा सरकारनंच लिहून दिलेला दाखला झाला.

मग मामलेदार कचेरीतली रेकॉर्ड रूम. हातानं लिहिलेले जुने सातबारे, जुने फेरफार, गाव नमुना चौदा म्हंजे जन्म-मृत्यूची नोंद, असं सगळं तिथं. संगणकावरच्या सातबाऱ्यावर आजचं चित्र दिसतं, कालचं न्हाई. जन्म-मृत्यूच्या नोंदीत गाव, बापाचं नाव, जात असं मिळतं. माझ्या मते राहण्याच्या पुराव्याला ह्याच्यासारखा कागद न्हाई, कारण माणूस जिथं जन्मला तिथं त्याचा बाप राहत होता, ह्याच्यावर कोण वाद घालणार?

भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचे नकाशे, आकारबंद, टिपण. जिथं गट पडलेत तिथं जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळवणारा एकत्रीकरणाचा उतारा तिथंच मिळतो. तो नसला तर जुना कागद हातात असून उपयोग न्हाई. कागदावर सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर, आणि साहेब म्हणणार ही जमीनच वेगळी.

आणि इथं कोल्हापुरातच पुराभिलेखागार आहे. संस्थानचं दप्तर तिथं आहे, बरंचसं मोडीत.

आमच्या वाडीचं काय झालं ते सांगतो. तालुक्याचं नाव घेत न्हाई, कारण तिथल्या माणसांशी अजून काम पडतंय.

पहिल्या खेपेला मी कचेरीत गेलतो आणि म्हणालो, "आमचा जुना कागद द्या." कारकुनानं विचारलं, "कसला?" मला सांगता येईना. "जुना," एवढंच म्हणत राहिलो. तो हसला आणि परत पाठवला. त्याची तेवढी चूक न्हाई. कापडाच्या रुमालात बांधलेली शेकडो गाठोडी तिथं. त्यातनं 'जुना कागद' कोण काढून देणार? दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज नेला, कोर्ट फी स्टॅम्प लावून, पण नमुना आणि साल बरोबर न्हवतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं ते तोंडी: शोधलं, न्हाई सापडलं, उंदरांनी खाल्लं असेल. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी आणि दुधाचा खाडा धरला तर दोन खेपांत घरचं म्हशीचं पेंड गेलं.

तिसऱ्या खेपेला शहाणपण आलं. मी एकटा अर्ज केला न्हाई. ग्रामसभेनं ठराव केला आणि वनहक्क समितीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. नियम १२ मध्ये चौथा पोटनियम आहे. ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागितलं तर संबंधित अधिकाऱ्यानं माहिती, अभिलेख, दस्तऐवजाची साक्षांकित प्रत देणं हे त्याचं कर्तव्य आहे. मेहरबानी न्हवे, कर्तव्य. पत्रात गावाचं नाव, नमुन्याचा नंबर, सालं असं सगळं लिहिलं. खाली एक ओळ घातली: अभिलेख उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे. ह्या ओळीनं काम केलं. तोंडी 'न्हाई' म्हणायला कुणाच्या बापाचं काय जात न्हाई. पण 'न्हाई' असं लिहून खाली सही करायची म्हटलं की माणूस एकदा उठून रुमाल सोडून बघतो. आणि खरंच नसलं तर ते लेखी 'न्हाई' सुद्धा जपून ठेवायचं. उद्या कुणी म्हणालं दावेदारानं पुरावा दिला न्हाई, तर सांगता येतं की मागितला होता, सरकारनं सांभाळला न्हाई. जोडीला माहितीच्या अधिकारात दहा रुपयाचा अर्ज घालून अभिलेख स्वतः बघायची मागणी करा.

दोन दिवस आम्ही तिघं जण बसलो होतो. आणि नाव सापडेना. का? तर आमची वाडी त्या दप्तरात वाडी म्हणून नव्हतीच. खालच्या गावाच्या नावाखाली आमची माणसं लिहिलेली. तुमच्यातल्या बऱ्याच धनगरवाड्यांचं असंच असणार. आज तुमची ग्रामपंचायत ज्या गावाची आहे तेच गाव तेव्हा असेल असंबी न्हाई. म्हाताऱ्यांना विचारा, आधी दूध कुठल्या गावात घालत होता, पाटील कुठला होता, दळण कुठं होतं. त्या गावाचा रुमाल काढायला लावा.

दुसरी अडचण आडनावाची. आज आपण आडनावं लावतो. तेव्हाच्या मोडीत 'अमुक बिन तमुक धनगर' एवढंच. बिन म्हंजे ह्याचा मुलगा. आडनाव न्हाईच. त्यामुळं नाव डोळ्यांपुढनं गेलं तरी आपल्याला कळत न्हाई. आम्हाला कळलं ते हेळव्यामुळं. जुन्या माणसांना हेळवी माहीत आहे. बैल घेऊन येतो, दारात बसून घराण्याची नावं म्हणून दाखवतो, त्याच्याकडं चोपडी असते. आम्ही त्याला धान्य घालत होतो आणि पोरं त्याला हसत होती. त्याच्या चोपडीत आज्ज्याचा बाप, त्याचे भाऊ, कुठनं कुठं आले ते सगळं निघालं. ती नावं लिहून घेऊन परत रुमालापाशी बसलो, आणि पणजाचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट लागलं. पुढं म्हशींची संख्या आणि चराईची रक्कम. सालाच्या जागी फसली सन होता. फसली सन दिसला तर त्यात ५९० मिळवायचे. १३४० फसली असेल तर ते १९३० च्या आसपासचं साल झालं.

वंशावळ हा सुद्धा नियमात पुरावा आहे, आणि तोच जुन्या नावाला आजच्या आडनावाशी बांधतो. नुसता मोडी कागद जोडला आणि वंशावळ जोडली न्हाई तर त्यातला माणूस तुमचा कोण, हे समितीला कसं कळायचं? मोडी वाचून घ्यायची ती प्रमाणपत्र असलेल्या वाचकाकडनं, देवनागरीत उतरवून, त्याची सही घेऊन. मूळ प्रतीची नक्कल साक्षांकित पाहिजे. मोबाईलवर काढलेला फोटो चालत न्हाई, आणि मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा न्हाई, आपल्या कार्यकर्त्याच्यासुद्धा.

किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. कागद एक सापडला तर दुसरा म्हाताऱ्या माणसांचा जबाब होऊ शकतो, पण दावेदार सोडून दुसऱ्या माणसाचा, आणि लिहून घेतलेला. जुनी विहीर, बांध, ताली, बिरोबाचं ठाणं, पुरलेल्या माणसांची जागा, हे सगळं नियमात आहे. हे पंचनाम्यात घालायला विसरू नका.

वनखात्याच्या पावत्यांबद्दल मात्र थांबून सांगतो. गार्डानं कोयता जप्त केला, गुन्हा नोंदवला, दंड भरून घेतला, ती पावती आपण लाजेनं चुलीत घालतो. माझ्या आईनं घातली. अहो, ती पावती म्हंजे वनखात्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की ह्या तारखेला हा माणूस ह्या जंगलात कसत होता! ज्यांच्याकडं अशा पावत्या असतील त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. ज्यांच्याकडं नसतील त्यांनी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडं गुन्हा नोंदीची प्रत मागा. आणि उलटं कुणी म्हणालं की तुमचं नाव आमच्या अतिक्रमण यादीत न्हाई म्हणून दावा फेटाळतो, तर तेबी चालत न्हाई. २०१२ च्या सुधारित नियमात लिहिलंय, तसली यादी असणं किंवा नसणं ह्या एकाच कारणावर दावा फेटाळता येत न्हाई. उपग्रहाच्या फोटोचंबी तसंच. तो जोडीला घ्यायचा, बाकीच्या पुराव्याच्या जागी न्हवे. फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडं जा.

आता ज्यांची मालकीची जमीन असून सातबाऱ्यावर सरकार लागलंय, त्यांचं थोडं. आपल्या डोंगरात अशी घरं पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर बापाचं नाव कंसात आणि खाली 'महाराष्ट्र शासन, वन'. नाव कंसात म्हंजे ते नाव गेलं. कशानं गेलं ते बघायचं असेल तर शेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. त्या फेरफाराची नक्कल काढा. बऱ्याच ठिकाणी तो खाजगी वने संपादन कायद्याचा निघतो. ३० ऑगस्ट १९७५ पासनं खाजगी वनं सरकारजमा झाली, आणि भातखाचरं, नाचणीची रानंसुद्धा त्यात ओढली गेली. त्याच कायद्यात २२-अ कलम आहे, ज्याची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा कमी होती त्याला जमीन परत मिळण्याचं. फेरफार हातात आल्याशिवाय ह्यातलं काही करता येत न्हाई. तेव्हा नोटीस कुणाच्या नावानं निघाली, मिळाली का, तेबी त्या फायलीत बघा. त्याचा दावा वेगळा आणि वनहक्काचा वेगळा. दोन्हीची खिचडी करू नका.

आता नोंदीचं. सापडणं निम्मं झालं, आणि आपली माणसं तिथंच पेढे वाटतात. आमच्या पलीकडच्या गावात एकानं सत्तरच्या दशकात डोंगरउताराची मालकीची जमीन घेतली. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं रीतसर नोंदवलं, खत ट्रंकेत घालून कुलूप लावलं. नोंदवलेल्या खताची वर्दी त्या कचेरीतनं तलाठ्याकडं जायची असते. ती कुठं अडकली देव जाणे. सातबाऱ्यावर नाव विकणाऱ्याचंच राहिलं. चाळीस वर्षांनी विकणाऱ्याच्या नातवंडांनी वारसनोंद करून तीच जमीन दुसऱ्याला विकली. आता दोघं कोर्टात आहेत. असलं कुणाचं खत असेल तर दुय्यम निबंधकाकडनं सूची दोनची नक्कल काढून तलाठ्याला आजच अर्ज घाला. उशिरा का होईना, घाला. बाप वारला असेल तर वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठ्यानं अर्जाची लेखी पोच दिली पाहिजे, ती घेतल्याशिवाय उठू नका. मग फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केला की नोंद प्रमाणित होते. फेरफाराचा नंबर मिळाला म्हंजे काम झालं न्हवे. 'प्रमाणित' शब्द आणि सही बघून या.

वनहक्काच्या पट्ट्याचंबी तेच. काही जिल्ह्यांत पट्टे वाटले, फोटो काढले, आणि पट्टेदाराला पीककर्ज मागायला गेल्यावर कळलं की सातबाऱ्यावर त्याचा पत्ताच न्हाई. सुधारित नियमात आहे की पट्टे दिल्यावर महसूल आणि वन खात्यानं अंतिम नकाशा करायचा आणि हक्काची नोंद दोन्हीकडच्या दप्तरात जास्तीत जास्त तीन महिन्यांत घालायची. पट्टा हातात आल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. पट्ट्यावर नवरा आणि बायको दोघांची नावं पाहिजेत, हे कायद्यात आहे. बायकांनी आपलं नाव स्वतः वाचून किंवा पोरीकडनं वाचून घ्यावं. क्षेत्र, चतुःसीमा, नाव ह्यात चूक असेल तर तिथंच सांगा. हा पट्टा विकता येत न्हाई, गहाण देता येत न्हाई, वारसाला जातो. तेव्हा कुणी सावकार 'स्टॅम्पवर लिहून दे' म्हणाला तर त्या कागदाला किंमत न्हाई, आणि तुमच्या अंगठ्याला मात्र किंमत पडते.

आमचा दावा अजून उपविभागीय समितीपुढं आहे. मोडी कागद जोडलाय, वंशावळ जोडलीय, दोन म्हाताऱ्यांचे जबाब आहेत. मागच्या महिन्यात त्यातली एक म्हातारी गेली. तिचा जबाब लिहून घेतला होता म्हणून बरं. तुमच्या वाडीत ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर ह्याच आठवड्यात वही घेऊन बसा. वनहक्क समितीच्या सचिवानं लिहावं, दोन साक्षीदार घ्यावेत, सही न्हाईतर अंगठा घ्यावा.

आता जेवण झालं की तालुक्याप्रमाणे गट करून बसू. चंदगडवाले वेगळे बसा, तुमचं बेळगावचं पत्र आज लिहायचं आहे. ज्यांनी सातबारे आणलेत त्यांनी ते बाहेर काढा, कंस आणि वर्तुळं शोधू. मावशी, तुम्ही माझ्याशेजारी बसा. तुमच्या सासऱ्याकडनं चराई कोण घेत होतं ते मला सांगा.